मोटारीचं इंजिन आकाशात नेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीचं इंजिन विमानाला चालेल का, हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंनी आपल्या यंत्राचा सांगाडा आखला, पंख आखले आणि मग इंजिनासाठी अनेक मोटार कारखान्यांना पत्रं लिहिली. हलकंही असेल आणि पुरेशी ताकदही देईल असं इंजिन कोणाकडेच मिळालं नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत एक इंजिन घडवलं. चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस आणि ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच इंजिनावर माणूस उडाला.

या विमानातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. इंजिन आणि दोन पंखे यांच्यामध्ये सायकलसारखी साखळी होती. पुढच्या-मागच्या चक्रांच्या दात्यांचं प्रमाण असं होतं की, इंजिन जवळपास तीन फेरे फिरलं की पंखा एक फेरा फिरायचा. इंजिनाला वेग हवा असतो आणि पंख्याला संथपणा, हे त्या दोघा भावांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आज अमेरिकेत हजारो हौशी माणसं आपापल्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. कायद्याने त्यांना तशी परवानगी आहे. अट एवढीच की, विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं. अशा विमानावर ‘प्रायोगिक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात या मंडळींची संघटना काढली आणि १९७० पासून तिचा मोठा मेळा ऑशकॉश या गावी भरत आला आहे. आपल्याकडे पंढरीला जशा दिंड्या निघतात, तशी ही मंडळी दर उन्हाळ्यात ऑशकॉशला आपापली विमानं घेऊन उतरतात.

विमानाचा सांगाडा चिकाटीने आणि थोड्याथोड्या पैशांत उभा राहतो. अडतं ते इंजिनापाशी. विमानासाठीच बनवलेलं नवं इंजिन कित्येक हजार डॉलरचं असतं. बऱ्याचदा बाकी सगळ्या विमानापेक्षा महाग. आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे तेवढ्याच ताकदीचं मोटारीचं इंजिन काही शे डॉलरमध्ये पडलेलं असतं. मोह होणारच.

या मोहाला पहिलं चांगलं फळ आलं ते मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात. बर्नार्ड पिटनपॉल हा तिथला स्वतःच्या हाताने शिकलेला मेकॅनिक. १९२९ च्या सुमारास त्याने फोर्डच्या मॉडेल ए गाडीचं इंजिन लाकडी विमानावर चढवलं. इंजिन ३.३ लिटरचं, ताकद ४० अश्वशक्ती. पायलटच्या नजरेसमोर रेडिएटर उभा, त्याच्या आडून वाकून पुढचं बघायचं. दिसायला ओबडधोबड, पण उडायला गुणी. १९३२ मध्ये त्याचे आराखडे छापून आले आणि आजही लोक त्यावरून विमानं बांधतात.

पिटनपॉलला हे का जमलं? कारण त्या काळचं मोटारीचं इंजिन मोठं, जड आणि संथ होतं. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ते आपली पूर्ण ताकद देई. तेवढ्या वेगात पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडता येतो. मधे साखळी नको, दाते नकोत.

महायुद्धानंतर युरोपात फोक्सवॅगनची बीटल आली. हवेने थंड होणारं, समोरासमोर सिलिंडर असलेलं, हलकं इंजिन. रेडिएटर नाही, पाणी नाही. फ्रान्स, इंग्लंड, जर्मनीत लहान विमानांवर ते बसू लागलं. जर्मनीतल्या लिम्बाख कंपनीने तर त्याच वळणाची रीतसर प्रमाणित इंजिनं बनवली. अमेरिकेत शेवरोलेच्या कॉर्व्हेअर गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन पुढे आलं. ही गाडी १९६० ते १९६९ एवढीच बनली, पण तिचं इंजिन आजही उडतं आहे. त्याचा प्रयोग करणाऱ्या पहिल्या लोकांत पुन्हा पिटनपॉल होताच.

मी हे सगळं इतक्या आपुलकीने सांगतोय त्याला एक घरगुती कारण आहे. कोल्हापुरात तीस वर्षं मी तंत्रनिकेतनात मुलांना इंजिनं शिकवली. माझा भाचा त्यातूनच पुढे शिकून अमेरिकेत गेला. ओहायोत राहतो. चार-पाच वर्षं खपून त्याने गॅरेजमध्ये दोन माणसांचं अ‍ॅल्युमिनियमचं विमान बांधलं. इंजिनाची वेळ आली तेव्हा त्याचा फोन आला : “मामा, गाडीचंच इंजिन बसवीन म्हणतोय. अडीच लिटरचं आहे. अगदी कमी चाललेलं.” दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन : “दादा, तू सांग त्याला. तुझंच ऐकेल. मागच्या सीटवर उद्या माझी नात बसणार आहे.”

भाच्याला मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, “आधी आपण गणित मांडू. मग तूच ठरव.” ते गणित आज तुमच्यासमोर मांडतो.

पहिलं गणित वेगाचं. १.८ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० फेऱ्यांनी फिरवला तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे २५४ मीटर जातं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे आपण मर्यादेत आहोत. विमानासाठी बनवलेली पारंपरिक इंजिनं याच वेगात आपली पूर्ण ताकद देतात. म्हणून तर १६० अश्वशक्तीसाठी त्यांना पाच लिटरहून मोठं इंजिन लागतं. आता मोटारीचं इंजिन घ्या. ते आकाराने निम्मं आणि ताकद तेवढीच, पण ती मिळते मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर. तोच पंखा पाच हजारांवर फिरवला तर टोकाचा वेग होतो सेकंदाला ४७१ मीटर. म्हणजे आवाजाच्याही पुढे. तिथे पंखा हवा मागे ढकलण्याऐवजी नुसता कर्कश ओरडतो आणि ताकद वाया जाते.

बीटलच्या इंजिनावर लोकांनी यातून वाट काढली ती पंखा लहान करून. नव्या वेगवान इंजिनांना तेवढं पुरत नाही. त्यांना राइट बंधूंची साखळी परत आणावी लागते. म्हणजे वेग कमी करणारा गिअरबॉक्स किंवा पट्टा. आणि खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

मोटारीचं इंजिन एकसारखी ताकद देत नाही, ते ठोके देतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठोके देतं. दुसऱ्या टोकाला पंखा असतो, जड आणि जडत्वाने भरलेला. मधला शाफ्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग. झोपाळ्यावरच्या मुलाला तुम्ही योग्य क्षणी हलकासा धक्का देत राहिलात तर झोपाळा उंच उंच जातो. तसंच इथे होतं. ठोक्यांची लय आणि शाफ्टच्या पिळाची लय एका विशिष्ट वेगाला जुळली की पीळ वाढत जातो. बाहेरून काही दिसत नाही, कधी आवाजही बदलत नाही. आतमध्ये मात्र दाते खचत असतात, शाफ्टला बारीक चीर पडत असते. शेतावरच्या मोटर आणि पंपामध्ये रबरी कपलिंग असतं ना, तसंच काहीतरी इथेही लागतं. पण ते नेमकं किती मऊ हवं, फ्लायव्हील किती जड हवं आणि कोणत्या वेगावर इंजिन कधीच रेंगाळू द्यायचं नाही, हे अंदाजाने ठरत नाही. ते मोजावं लागतं.

थेट जोडलेला पंखाही निरुपद्रवी नसतो. गाडीत क्रँकशाफ्टच्या टोकाला क्लच असतो. विमानात त्याच टोकाला पंखा लागतो, तो विमानाला ओढतो आणि विमान वळलं की क्रँकला वाकवू पाहतो. कॉर्व्हेअरच्या इंजिनांत काही क्रँक मोडले तेव्हा अनुभवी लोकांनी पंख्याच्या बाजूला एक जादा बेअरिंग बसवायला सुरुवात केली. गाडीच्या कारखान्याने ते दिलं नव्हतं, यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी गाडी बनवली होती.

दुसरं गणित कष्टाचं. तुमची गाडी शंभरच्या वेगाने महामार्गावर धावते तेव्हा तिला वीस-पंचवीस अश्वशक्ती पुरते. पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेक करताना, काही सेकंद. विमानाचं तसं नाही. उड्डाण आणि चढण पूर्ण ताकदीवर, कित्येक मिनिटं. पुढचा सगळा प्रवास पाऊणएक ताकदीवर, तासन्‌तास. आमच्या भागात उसाला रात्रभर पाणी देणारं ऑईल इंजिन बघा. एका चालीने, एका ओझ्याखाली ते पहाटेपर्यंत चालतं. विमानाच्या इंजिनाचं नशीब मोटारीपेक्षा या पंपाच्या इंजिनाच्या जवळचं आहे.

तिसरं गणित उष्णतेचं. ढोबळमानाने पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा शाफ्टला मिळते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि एक तृतीयांश थंडाव्याच्या पाण्यात उतरते. म्हणजे १०० अश्वशक्तीला, साधारण ७५ किलोवॅटला, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. दोन किलोवॅटचे ३७ गिझर एकदम चालू केल्यासारखं. आणि ही उष्णता सर्वांत जास्त असते ती चढताना, जेव्हा विमान हळू असतं आणि समोरून येणारी हवा कमी असते. रेडिएटर मोठा केला तर वजन आणि हवेचा विरोध वाढतो, लहान केला तर पाणी उकळतं.

चौथी गोष्ट विश्वासाची. विमानाच्या पारंपरिक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालत राहतं. मोटारीत एक बॅटरी, एक संगणक, एक पेट्रोल पंप. यातलं एक गेलं की सगळं थांबतं. शिवाय मोटारीच्या संगणकाला शिकवलेलं असतं की काही बिघडलं तर इंजिन वाचव, ताकद कमी कर. रस्त्यावर हे शहाणपण आहे. झाडांच्या शेंड्यांवरून चढत असताना ते उलटं पडतं. तिथे इंजिन जळालं तरी चालेल, पण दोन मिनिटं ताकद हवी असते.

म्हणजे मोटारीचं इंजिन वाईट का? मुळीच नाही. आजचं मोटारीचं इंजिन लाखोंच्या संख्येने बनतं, कमी पितं आणि शिसंमुक्त पेट्रोलवर चालतं. आपल्याकडे २००० मध्ये मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं गेलं. लहान विमानांचं पेट्रोल मात्र जगात बऱ्याच ठिकाणी अजूनही शिसंयुक्त आहे. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन आठवतं? त्याच सुझुकी घराण्यातलं एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन अमेरिकेत छोट्या विमानांवर उडलं आहे. प्रश्न इंजिनाचा कमी आणि त्याच्याभोवती आपण जे जोडतो त्याचा जास्त असतो. गिअरबॉक्स, रेडिएटर, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग. हे सगळं बांधणाऱ्याचं असतं आणि बहुधा जगातला तो एकच नमुना असतो.

मोठ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात आपल्या प्रसिद्ध ९११ गाडीच्या इंजिनावरून विमानाचं इंजिन बनवलं, रीतसर प्रमाणपत्रही मिळवलं आणि काही वर्षांतच तो उद्योग आवरता घेतला. जर्मनीच्या थिलर्ट कंपनीने मर्सिडीजच्या ए क्लास गाडीचं डिझेल इंजिन विमानासाठी तयार केलं. २००२ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. इंजिन जेट विमानांच्या इंधनावर चालायचं, फार थोडं प्यायचं. पण त्याचा गिअरबॉक्स ठरावीक तासांनी काढून तपासायला पाठवावा लागे. २००८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. पुढे ते काम दुसऱ्यांनी चालू ठेवलं, आणि ऑस्ट्रियात मर्सिडीजच्याच दुसऱ्या डिझेलवरून बनवलेलं इंजिन २००९ मध्ये प्रमाणित झालं, ते आजही अनेक विमानांवर आहे. म्हणजे हे अशक्य नाही. पण त्यामागे कारखाना, चाचणीची दालनं आणि वर्षानुवर्षं पगार घेणारे इंजिनिअर असतात. गॅरेजमधल्या एकट्या माणसाला हेच काम रविवारी आणि रात्री करायचं असतं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या खासगी वापराच्या विमानांत ही विमानं सुमारे १० टक्के, पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. इंजिन आणि त्याच्या जोडण्यांतला बिघड व हवेत विमानावरचा ताबा सुटणं, ही दोन कारणं वारंवार पुढे आली. बरेच अपघात विमानाच्या आयुष्याच्या अगदी सुरुवातीच्या तासांत झाले होते. म्हणूनच तिथला रूढ नियम असा की, इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास चाचणीची उड्डाणं, नसेल तर ४० तास. आणि तीही वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता.

हे सगळं ऐकल्यावर भाचा दोन आठवडे गप्प होता. मग त्याने एक चांगली गोष्ट केली. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि पंखा असा सगळा संच एका जुन्या ट्रेलरवर बांधला, ट्रेलर जमिनीला साखळदंडाने जखडला आणि शेजारच्या शेतात तो चालवायला लागला. पूर्ण ताकद दहा मिनिटं, पाऊण ताकद एक तास, पुन्हा पूर्ण. प्रत्येक वेळी वहीत नोंद. ठरवलं होतं शंभर तास. एकतिसाव्या तासानंतर कपलिंग उघडलं तेव्हा रबराला चिरा पडलेल्या दिसल्या. इंजिन तोवर गोड चाललं होतं. कानाला काहीच कळलं नव्हतं.

त्याने फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं : “मामा, हे जमिनीवर सापडलं.”

मग आम्ही पुन्हा बोललो. मी त्याला म्हटलं, “अरे, तुझं विमान नवं आहे, ते कधी उडालेलं नाही. तूही या विमानाला नवा आहेस. त्यात इंजिनही नवखं घेतलंस तर काही बिघडल्यावर कोणाकडे बोट दाखवशील? एका वेळी एकच अनोळखी गोष्ट घे.” त्याने विमानासाठी बनवलेलं एक जुनं, दुरुस्त केलेलं इंजिन घेतलं. त्यासाठी नवी गाडी घेणं तीन वर्षं पुढे ढकललं, ते सूनबाईंनी मान्य केलं. चाचणीचे तास पूर्ण झाल्यावरच माझ्या बहिणीची नात त्या विमानात बसली. मोटारीचं इंजिन त्याने विकलेलं नाही. ते अजून ट्रेलरवर आहे. कपलिंग दोनदा बदललं, फ्लायव्हील जड केलं आणि आता नोंदवहीत शंभराच्या पुढे तास आहेत. कदाचित एक दिवस ते उडेलही. तो निर्णय त्याचा.

आपल्याकडेही ही हौस आहे. मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. गावोगावी कोणी ना कोणी मोटारसायकलचं किंवा मारुतीचं इंजिन लावून काहीतरी उडवू बघतो, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. त्या मुलांना हसू नये. पण त्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना लगेच हवेतही ढकलू नये. थाप मारणाऱ्याने विचारावं : पोरा, हे जमिनीवर किती तास चालवलंस? वही कुठे आहे? कपलिंग उघडून पाहिलंस का? पेट्रोलचा पंप बंद पडला तर दुसरा आहे का? दीडशे मीटरवर इंजिन थांबलं तर कुठल्या शेतात उतरायचं, ते आधी चालत जाऊन बघितलंस का?

आमच्या उद्यमनगरात असे हात पुष्कळ आहेत, जे क्रँक पाहून त्याचं आयुष्य सांगतात. तंत्रनिकेतनांत प्रयोगशाळा आहेत, त्या संध्याकाळी बंद असतात. इंजिन खुंट्याला बांधून शंभर तास चालवायला विमानतळ लागत नाही, परवाना लागत नाही. एक मोकळं शेत, भक्कम साखळदंड, पंख्याच्या रेषेत कोणी उभं राहणार नाही एवढी शिस्त आणि एक वही लागते. ज्यांना खरोखर उडायचं आहे, त्यांनी सुरुवात तिथून करावी, आणि आम्हा म्हाताऱ्या शिक्षकांना नोंदी घ्यायला बोलवावं. आम्ही येऊ.